सत्र आठवड्यांनी मोजा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर सध्या सहर-इफ्तारचे वेळापत्रक लावलेले आहे. गावातल्या एका कापड दुकानदाराने दरवर्षीप्रमाणे ते छापून वाटले. खाली दुकानाची जाहिरात आणि वर तीस दिवसांच्या तीस ओळी. सहरी कधी संपते, इफ्तार कधी, हे मिनिटासकट लिहिलेले. घरातले लहानमोठे सगळे महिनाभर ते पाळतात. संध्याकाळी खजूर हातात धरून एक मिनिट थांबतात, पण वेळ चुकवत नाहीत.

आतल्या खोलीत माझ्या टेबलावर महाविद्यालयाची शैक्षणिक दिनदर्शिका असते. तीही छापील, तिच्यातही तारखा. पण ती पाळली जाईल अशी अपेक्षा छापणाऱ्याचीही नसते. मी महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. रोज्याचे तीस दिवस जे घर इतक्या काटेकोरपणे निभावते, त्याच घरात माझ्या अभ्यासाला एक ठरलेला तास का मिळत नाही, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

तो पाडला माझ्या मार्गदर्शक सरांनी. २०२३ची गोष्ट. जानेवारीत मी वहीत लिहिले होते, ‘मार्चअखेर तिसरे प्रकरण पूर्ण.’ मार्च आला, चोवीस तारखेला रमजान सुरू झाला आणि प्रकरणाची चार पानेही झाली नव्हती. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. मी वाचलेल्या पुस्तकांची यादी घेऊन गेले. बैठक संपल्यावर सरांनी बाहेर एवढेच विचारले, “मॅडम, तुम्ही कोणत्या वारी, किती वाजता लिहिता?” मला उत्तर देता आले नाही. माझा विषय आहे जिल्ह्यातले आठवडी बाजार. सर म्हणाले, “बाजाराचा वार ठरलेला असतो म्हणून तो भरतो. ‘महिन्यात कधीतरी या’ असं सांगितलं असतं, तर कोण आलं असतं?”

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. सत्राची आखणी महिन्यांत करू नये, आठवड्यांत करावी. आणि आठवडे मोजताना आधी वजाबाकी करावी.

आमचे दुसरे सत्र कागदावर सोळा आठवड्यांचे दिसते. त्यातले दोन मागच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यात जातात. एक स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धांचा. एक राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराचा. एक अंतर्गत परीक्षेचा. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, महाशिवरात्र, धुळवड अशा सुट्या आणि बारावीच्या परीक्षेसाठी द्यावे लागणारे वर्ग मिळून आणखी एक. उरले दहा. त्यातले दोन मी मुद्दाम मोकळे ठेवते, कारण घरात कोणी ना कोणी आजारी पडते आणि कोणाचे ना कोणाचे लग्न निघते. म्हणजे माझे सत्र आठ आठवड्यांचे. आठवड्याला दोन-दोन तासांच्या तीन बैठका धरल्या तर अठ्ठेचाळीस तास. हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी घाबरले. मग लक्षात आले, चार क्रेडिटचा अख्खा पेपर आम्ही साठ तासिकांत शिकवून संपवतो. अठ्ठेचाळीस तास कमी नाहीत. ते सोळा आठवड्यांत कुठेतरी सापडतील असे मानणे, ही चूक होती.

कोणी म्हणेल, प्राध्यापकांना वेळच वेळ असतो, दिवसाला तीन तास शिकवायचे आणि घरी यायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार आमचा आठवडा चाळीस तासांचा असतो आणि सहायक प्राध्यापकाने त्यातले सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे असतात. उरलेले चोवीस तास तयारी, तपासणी, विद्यार्थ्यांच्या अडचणी, समित्या आणि संशोधन यांचे. या यादीत संशोधन नेहमी शेवटी येते, म्हणून त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते आणि बहुधा काहीच उरत नाही. म्हणून मी आठवड्याच्या कागदावर आधी लिखाणाच्या तीन बैठका लिहिते. बाकीची कामे नंतर. ती कामे आपली जागा स्वतः शोधतात, त्यांना मागणारा कोणीतरी दारात उभा असतो. प्रबंधाला मागणारे कोणी नसते.

दुसरी चूक, सगळे तास सारखे मानण्याची. ती मला रमजानने दाखवली. फेब्रुवारी-मार्चच्या रोज्यांत पावणेसहाच्या आत सहरी उरकते. फजरची नमाज झाली की घर पुन्हा झोपते. मीही झोपत असे. आता सहा ते आठ लिहिते. डोके ताजे असते आणि कोणी चहा मागत नाही. दुपारी तीननंतर मात्र घसा कोरडा पडतो, एका वाक्याला वीस मिनिटे लागतात. त्या वेळेला मी तळटिपा तपासते, संदर्भ नोंदवते, हजेरीपट भरते. डोक्याची कामे आणि हाताची कामे अशा दोन याद्या केल्या की रमजानचे चार आठवडे वजा करावे लागत नाहीत. हे रोजा नसणाऱ्यांनाही लागू आहे. प्रत्येकाच्या दिवसात एक सकाळ असते आणि एक दुपार असते. सकाळ मोबाईलला देऊन दुपारी प्रबंध उघडणाऱ्यांना कितीही मोठे सत्र पुरणार नाही.

तिसरी गोष्ट सुटलेल्या कामाची. आजारपण, प्रवास किंवा बायकांच्या ठरावीक दिवसांमुळे रोजा सुटतो, तेव्हा तो मोजून ठेवायचा आणि पुढे वर्षभरात पूर्ण करायचा असतो. आमच्या घरातल्या बायका हा हिशेब चोख ठेवतात. सुटलेल्या रोज्याचे दुःख करत कोणी बसत नाही आणि एकाच दिवशी दोन रोजे धरायलाही जात नाही. अभ्यासात मात्र आपण नेमके तेच करतो. एक आठवडा बुडाला की पुढच्या आठवड्यावर दुप्पट काम टाकतो, तेही बुडते, आणि मग वहीच मिटते. मी रविवारी रात्री वीस मिनिटे कागद घेऊन बसते. काय झाले, काय राहिले, राहिलेले मोकळ्या ठेवलेल्या आठवड्यात जाईल की या सत्रातून वगळायचे, एवढेच ठरवते.

इतिहासात असे नेमाने काम करणारे पुष्कळ सापडतात. इब्न सीना हमदानमध्ये दिवसभर राज्यकारभारात असायचा, म्हणून शिष्यांबरोबरचे वाचन आणि लेखन रात्री चालायचे, असे त्याचा शिष्य जुझजानी याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे सेतुमाधवराव पगडी शासकीय अधिकारी होते. नोकरी करता करता त्यांनी गोंडी, कोलामी बोलींचे व्याकरण लिहिले आणि फार्सी साधनांतला मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला. ही नावे मी वर्गात अभिमानाने सांगते. पण स्वतःच्या ओट्याशी उभी राहिले की मनात येते, त्यांच्या रात्रीच्या जेवणाची काळजी कोणाला होती?

कारण नुसता स्वतःचा नेम पुरत नाही, तो आजूबाजूच्यांनी मानावा लागतो. माझ्या नणंदेला कोणी इफ्तारच्या मिनिटाला फोन करत नाही. माझ्या लिहिण्याच्या वेळेला मात्र दार वाजते, “लिहीतच तर बसलीयेस, जरा भजी तळून दे.” पीएच.डी.ची मुदत सहा वर्षे आहे आणि महिलांना नियमाने आणखी दोन वर्षांची सवलत मिळते. सवलत चांगलीच आहे, पण ती का द्यावी लागते याचा विचार घरोघरी व्हायला हवा. नियमाने दोन वर्षे दिली. घरांनी आठवड्याचे सहा तास दिले असते, तर कितीजणींना ती वर्षे लागली नसती. आमच्या केंद्रावर माझ्या मागेपुढे नाव नोंदवलेल्या दोघींनी अर्ध्यातच सोडले. दोघीही माझ्यापेक्षा हुशार होत्या. एक हिंदू, एक मुसलमान. कारणे मात्र शब्दशः सारखी होती.

महाविद्यालयांनाही एक सांगायचे आहे. बहुतेक ठिकाणी नवी दिनदर्शिका म्हणजे जुन्या दिनदर्शिकेत वर्ष बदललेले असते. दिवाळी पुढेमागे होते, पण अधिक महिना तिला पुन्हा जागेवर आणतो. रमजानला अधिक महिना नाही, तो दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो. २०१६मध्ये तो जूनमध्ये, प्रवेशाच्या धांदलीत होता. २०२४मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५मध्ये २ मार्चला, यंदा फेब्रुवारीतच. २०३०मध्ये तो वर्षाच्या सुरुवातीला आणि पुन्हा अखेरीला, असा दोनदा सुरू होईल. म्हणून दरवर्षी नवे मोजावे लागते. प्रात्यक्षिके आणि तोंडी परीक्षा त्या दिवसांत सकाळी ठेवणे ही मेहेरबानी नव्हे, आखणी आहे. बारावीची परीक्षा किंवा शिबिर ध्यानात घेतो तितकीच साधी.

आणखी एक मागणी. आठवड्यातली दोन दुपारची सत्रे बैठकमुक्त जाहीर करा. ‘उद्या तीन वाजता तातडीची बैठक’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप शिक्षकांचे जितके संशोधन खातो, तितके कोणतेही अध्यापन खात नाही.

ईद झाली की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिका ठरू लागतील. शिक्षकांनी, संशोधकांनी आणि घरात परीक्षेला बसणारे मूल असलेल्या प्रत्येकाने त्याआधी एक कोरा कागद घ्यावा, आठवडे मोजावेत, जाणारे वजा करावेत आणि उरलेल्यांत स्वतःच्या अभ्यासाचा वार आणि वेळ लिहावी. मी माझा कागद यंदा टेबलावरून उचलून स्वयंपाकघराच्या दारावर, सहर-इफ्तारच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवला आहे. सासूबाईंनी चष्मा लावून तो वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला दार वाजले, तेव्हा बाहेरून त्यांचाच आवाज आला, “आठनंतर ये गं, ती लिहितेय.”