नाचणारी घोडी आणि चालणारा घोडा

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आपल्या शाळेची आठवी-नववीची मुले आणि काही पालक, असे आम्ही पस्तीस-चाळीसजण शहराबाहेरच्या एका घोडेस्वारी क्लबच्या मैदानावर गेलो होतो. निमित्त होते ड्रेसाजच्या प्रात्यक्षिकाचे आणि व्याख्यानाचे. क्लबने ते मुळात आपल्या सभासदांसाठी ठेवले होते. एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने आपल्याला कठड्याबाहेरच्या खुर्च्या मिळाल्या. पोहे-जिलेबी झाली, फोटो झाले, सहल म्हणून सगळे यथासांग पार पडले. पण परतताना बसमध्ये मुलांत जो वाद झाला, त्यामुळे हा लेख लिहावा लागत आहे. आमचे म्हणणे दोन गोष्टींचे आहे. असे प्रात्यक्षिक शाळेने दरवर्षी दाखवावे. आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण जी घोडी आणतो, ती आतापर्यंत आणली तशी यापुढे आणू नये.

ड्रेसाज हा शब्द फ्रेंच. मूळ अर्थ शिकवणे, तयार करणे. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद मैदान, कडेने बारा अक्षरांच्या पाट्या, आणि त्या अक्षरांच्या आधाराने ठरवून दिलेल्या हालचाली. या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत दुडकी, इथे वीस मीटरचे वर्तुळ, तिथे थांबणे. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. घोड्याने किती उंच उडी मारली किंवा तो किती वेगाने धावला, याला इथे काही किंमत नाही. तो चालतो कसा, थांबतो कसा, एका चालीतून दुसऱ्या चालीत जातो कसा, एवढेच पाहतात. चार ठोक्यांची साधी चाल, दोन ठोक्यांची दुडकी, तीन ठोक्यांची कँटर. त्या दिवशी मुलांनी डोळे मिटून हे ठोके मोजले. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या एका मुलाने सर्वांच्या आधी चूक पकडली: घोडा वळणावर लय सोडत होता.

आपल्या शहराला हा खेळ अगदीच परका नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले, तेव्हा चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तिच्यासोबत अनुष अगरवाला, हृदय विपुल छेडा आणि दिव्यकृती सिंग. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडनंतर तब्बल ४१ वर्षांनी घोडेस्वारीत भारताला आशियाई सुवर्ण मिळाले. गुण होते २०९.२०५, आणि दुसऱ्या आलेल्या चीनचे २०४.८८२. या स्पर्धेत संघाच्या चारपैकी उत्तम तीन स्वारांचे गुण धरतात. सुदीप्तीचे त्या दिवशीचे गुण चौथे आल्याने बेरजेत आले नाहीत. पदक मात्र चौघांच्या गळ्यात सारखेच पडले. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांनी आणि वर्गशिक्षकांनीही हा हिशेब एकदा नीट पाहावा.

असो. त्या सकाळी प्रशिक्षकांनी दोन घोडे आणले होते. एक सोळा वर्षांचा मुरलेला, दुसरा पाच वर्षांचा, नुकताच शिकू लागलेला. आम्हा सर्वांची नजर अर्थातच मोठ्यावर. पण कार्यक्रमाची सुरुवात लहान्याने झाली आणि तीही फसली. मैदानात येताच तो ध्वनिक्षेपकाला बुजला. कान टवकारले, अंग ताठ, एक पाऊल पुढे टाकायला तयार नाही. स्वार तरुण मुलगी होती. तिला वाटले, आता टाच मारावी. प्रशिक्षकांनी हाताने नको म्हटले. माईक बंद करून ते नुसत्या आवाजात बोलू लागले. मुलगी घोड्याला लांबून फिरवू लागली. एका फेरीत दहा पावले दूर, पुढच्या फेरीत आठ, मग सहा. मधूनमधून लगाम सैल सोडून मानेवर हात फिरवायचा. यात वीस मिनिटे गेली. पालकांपैकी दोघा-तिघांनी घड्याळे पाहिली. एक गृहस्थ आमच्या कानाशी लागले, "साहेब, मुख्य कार्यक्रम कधी?"

हाच मुख्य कार्यक्रम होता, असे आमचे मत आहे. एकविसाव्या मिनिटाला तो घोडा कर्ण्याखालून मान खाली करून, तोंड हलवत, शेपटी सैल सोडून गेला. प्रशिक्षक म्हणाले की टाच मारली असती तर तो दोन मिनिटांत गेला असता, आणि मग आयुष्यभर प्रत्येक कर्ण्याला घाबरला असता. आपल्या भाषेत घोडा शिकवणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. शब्दातच चाबूक आहे. तिकडे ग्रीस देशात झेनोफोन नावाच्या सेनानीने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. त्यात त्याचे म्हणणे असे की मारून करवून घेतलेल्या गोष्टीत घोड्याला समज नसते आणि सौंदर्यही नसते. वर्गात फूटपट्टी वापरावी की नाही यावर आपल्याकडे शिक्षक-पालक सभेत दोन तास गेले होते, त्याची इथे आठवण झाली.

मग मोठा घोडा आला. त्याचे वर्णन करीत बसत नाही, ते पाहायलाच हवे. त्याने शेवटी पियाफ नावाची हालचाल केली: दुडकीची दुडकी, पण जागच्या जागी. कर्णरेषेवरचे दोन पाय एकदम उचलायचे, टेकायचे, पुढे मात्र जवळजवळ सरकायचे नाही. मागचा भाग खाली झुकतो, पुढचा हलका होतो. टाळ्या पडल्या. आणि आपली सातवीतली मुलगी (भावाबरोबर आली होती, यादीत नाव नव्हते) मोठ्याने म्हणाली, "हे तर आपली मिरवणुकीतली घोडीपण करते! ढोल वाजला की नाचते!"

सगळे हसले. प्रशिक्षक हसले नाहीत. त्यांनी तिला कठड्यापाशी बोलावले आणि विचारले, "बेटा, नाचताना तिची मान कशी असते?" तिने मान वर ताणून दाखवली. "आणि तोंड?" तिने जबडा उघडला. "शेपटी?" तिने हात गरागरा फिरवला. ते एवढेच म्हणाले, "घरी गेल्यावर तिच्या तोंडात काय घातले आहे ते बघून घे."

आम्ही बघितले. आमच्याने राहवले नाही. घोडीवाले चाचा आपल्या शाळेला पंधरा-सोळा वर्षे घोडी देत आले आहेत. बालशिवाजीला हाताने उचलून बसवतात, पडू देत नाहीत, भाड्यात कधी अडवत नाहीत. त्यांनी लगाम काढून आमच्या हातात दिला. तोंडात बसणाऱ्या लोखंडी कडीला बोटाच्या पेराएवढे खिळे होते. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत एक मोकळी जागा असते, लगाम तिथे बसतो. तिथे हाडावर पातळ कातडीखेरीज काही नसते. अंगावर माशी बसली तरी कातडी थरथरवणारे हे जनावर, त्याच्या तोंडात हे! म्हणजे आपण ज्याला नाच म्हणून टाळ्या देत होतो, ती घोडीची वेदना होती. एकीकडे ढोल आणि फटाके, पळावेसे वाटते. दुसरीकडे लगाम ओढलेला, पळता येत नाही. मग जागच्या जागी पाय आपटणे.

चाचांना आम्ही दोष देत नाही. "गर्दीत साध्या लगामाने आवरत नाही साहेब, एखादे पोर पायाखाली आले तर?" हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. गर्दी आपली, फटाके आपले, ढोलपथक आपले. 'घोडी जरा नाचवा' ही फर्माईशही आपलीच. भारत सरकारच्या १९६५ च्या नियमांनी जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटेरी लगाम वापरायला मनाई केली आहे. नियमाला साठ वर्षे झाली. आम्हालाच तो या वर्षी कळला, तेव्हा चाचांवर बोट रोखण्याचा अधिकार आम्हाला नाही.

आता आक्षेपांकडे. विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठांनी आम्हाला सरळ विचारले, "हा श्रीमंतांचा खेळ. मध्यमवर्गीय मुलांना दाखवून काय साधणार?" खेळ महाग आहे हे खरे. आपले अव्वल स्वार वर्षानुवर्षे युरोपात राहून तयारी करतात, घोडेही तिकडेच. परदेशी स्पर्धेसाठी इथून घोडा नेणे रोगांच्या निर्बंधांमुळे फार अवघड होते. २०२५ साली मेरठच्या लष्करी केंद्राला भारतातले पहिले अश्वरोगमुक्त क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा कुठे ती वाट थोडी मोकळी झाली. आपल्या मुलांनी घोडे विकत घ्यावेत असे आम्ही म्हणत नाही. शाळेने स्वारीचा वर्ग काढावा असेही नाही. पाण्याची टाकी दुरुस्त करायला पैसे नाहीत, घोड्याचा चारा कोण घालणार? पाहायला मात्र बसभाड्याखेरीज काही लागले नाही. आणि पाहिल्याने एका सातवीतल्या मुलीने जे विचारले, ते आम्हा मोठ्यांना पंधरा वर्षांत सुचले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो नववीतल्या एका मुलाने बसमध्ये घेतला. ड्रेसाजवाले तरी कुठे साधुसंत आहेत? नाहीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर ब्रिटनच्या एका सुवर्णपदक विजेत्या स्वार बाईंनी माघार घेतली. काही वर्षांपूर्वी शिकवणी देताना जमिनीवर उभे राहून घोड्याच्या पायांवर लांब चाबूक पुन्हापुन्हा मारल्याची त्यांची चित्रफीत बाहेर आली होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना एक वर्षासाठी बाहेर ठेवले. घोड्याची हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान जबरदस्तीने दुमडण्याच्या पद्धतीवरही या खेळात वर्षानुवर्षे भांडण झाले आणि २०१० मध्ये महासंघाला ती अमान्य ठरवावी लागली. म्हणजे पांढरी विजार आणि काळा कोट पाहून भुलायचे कारण नाही. त्या मुलाचे म्हणणे आम्हाला पटले. फक्त निष्कर्ष उलटा निघतो. मुलांना मान, तोंड, शेपटी, कान वाचता आले, तर ती ऑलिंपिकच्या स्वारालाही पकडतील आणि मिरवणुकीतल्या आम्हालाही.

घोडेस्वारी क्लबांना मात्र एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. व्याख्यान अर्धे इंग्रजीत झाले. आपल्याकडे लगाम, रिकीब, खोगीर, मांड, दुडकी, रपेट असे शब्द जिवंत असताना बाहेरून आलेल्या मुलांना ते ऐकू यावेत. पाहुणे आले म्हणून फक्त पदकविजेता घोडा दाखवू नये. शिकाऊ घोडा, त्याची चूक आणि ती दुरुस्त करायला लागणारा वेळ दाखवावा. प्रश्नांना शेवटी पाच मिनिटे उरतात, ती निम्मा वेळ असावीत. आणि मुलींना हेही सांगावे की ऑलिंपिकमध्ये या खेळात स्त्री-पुरुष एकाच यादीत लढतात. १९५२ साली हेलसिंकीला स्त्रियांना प्रथमच भाग घेता आला, आणि पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी त्याच वर्षी ड्रेसाजचे रौप्यपदक नेले. घोड्यावर त्यांना इतरांनी बसवावे लागे.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या सभेत आम्ही दोन ठराव मांडत आहोत. पहिला, प्रात्यक्षिकाच्या वार्षिक सहलीचा. दुसरा असा: १९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीत काटेरी लगामाची घोडी नको. चाचांना तेच भाडे द्यावे, घोडी साध्या लगामाने, ढोलपथकाच्या बरीच पुढे, दोरीच्या कड्यात चालवावी. फटाके पूर्ण बंद. हे जमत नसेल तर बालशिवाजी पालखीत बसेल. चाचांशी बोलणे झाले आहे. त्यांनी साधा लगाम आणला असून ते रोज पहाटे घोडीला शाळेच्या मागच्या मैदानावर अर्धा तास फिरवतात. पहिले तीन दिवस तिने शाळेच्या घंटेला कान टवकारले. चौथ्या दिवशी घंटा झाली तेव्हा ती गवत खात होती.

ज्या पालकांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी साडेसहाला यावे. छत्री, फुगे आणि मोबाइलची घंटा घरी ठेवावी, आणि घोडीच्या मागून जवळ जाऊ नये.