सैतानाचा रंग कोणता?

जगांतील बहुतेक धर्मांनीं दुष्टतेस एक नांव आणि एक रूप दिलें आहे. यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान या तिन्ही धर्मांत तें नांव सैतान असें आहे. मनुष्यानें आपल्या अंतःकरणांतील शत्रूस ओळखावें व वेळींच सावध व्हावें, हा या कल्पनेचा नीतिदृष्ट्या खरा उपयोग. परंतु मनुष्यस्वभाव असा कीं, स्वतःच्या अंतःकरणांत डोकावण्याचे श्रम त्यास नकोसे वाटतात, आणि शेजाऱ्याकडे बोट दाखविणें फार सोपें जातें. त्यांतून त्या शेजाऱ्याची जमीन किंवा मजुरी आपणांस हवी असेल, तर त्याच्या ठिकाणीं सैतान दिसूं लागण्यास मुळींच विलंब लागत नाहीं. या कल्पनेचा वंशद्वेषाच्या कामीं कसा दुरुपयोग झाला, हें आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत मांडणार आहों; कारण हा रोग परकीयांचाच आहे असें समजून स्वस्थ बसण्याजोगी आपली स्थिति नाहीं.

प्रथम मूळ ग्रंथ काय सांगतात तें पाहूं. यहुद्यांच्या धर्मग्रंथांतील ईयोबाच्या पुस्तकांत सैतान हा ईश्वराच्या दरबारांत उभा राहणारा एक प्रकारचा फिर्यादी आहे. हिब्रू भाषेंत त्या शब्दाचा अर्थच मुळीं विरोधक, आरोप ठेवणारा, असा आहे. ईश्वराची परवानगी घेऊन तो ईयोबाची परीक्षा पाहतो. त्याचा वर्ण काळा कीं गोरा, याविषयीं तेथें एक अक्षरही नाहीं. पुढें ख्रिस्ती लेखकांनीं पुण्यास प्रकाशाची व पापास अंधाराची उपमा दिली. येथपर्यंतही कोणाची हरकत असूं नये. अंधाराची भीति सर्वांसच वाटते. परंतु उपमा ही उपमाच आहे, याचें भान लवकरच सुटलें. चवथ्या शतकांत अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस यानें लिहिलेल्या संत अँटनीच्या चरित्रांत सैतान काळ्या मुलाच्या रूपानें प्रकट होतो. रात्रीचा काळेपणा मनुष्याच्या कातडीवर येऊन बसला, तो असा.

जोंपर्यंत ही कल्पना मठांच्या भिंतींआड होती, तोंपर्यंत तिचा उपद्रव बेताचा होता. युरोपीय लोक समुद्रापार वसाहती करूं लागले, तेव्हां तिला धंद्याचें स्वरूप आलें. 1692 सालीं अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स वसाहतींत सेलम येथें चेटुकाचे खटले चालले. त्यांत एक काळा माणूस आपणांस भेटतो व आपल्या वहींत सही करावयास सांगतो, अशा साक्षी न्यायासनासमोर झाल्या आणि त्या ग्राह्य धरण्यांत आल्या. 19 जणांस फांशी देण्यांत आलें व एकास दगडांच्या ओझ्याखालीं चिरडण्यांत आलें. या खटल्यांची तरफदारी करणारा धर्मोपदेशक कॉटन मॅदर यानें 1693 च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें कीं, ही वसाहत जेथें उभी आहे तो मुलूख पूर्वीं सैतानाचा होता. वस्तुतः तो मुलूख तेथील मूळच्या इंडियन लोकांचा होता! आमच्या व्यापारी वाचकांनीं या युक्तिवादाची जमाखर्चाची बाजू ध्यानांत घ्यावी. जमिनीचा धनी मनुष्य असेल तर खरेदीखत करावें लागतें, दाम मोजावा लागतो. तो सैतान ठरला म्हणजे खरेदीखत नको, दाम नको, आणि वर पुण्य पदरांत पडतें.

गुलामांच्या व्यापारांतही हाच हिशेब चालला. नोहानें आपला नातू कनान यास दिलेल्या शापाची कथा बायबलांत आहे. तींत कातडीच्या रंगाचा उल्लेख नाहीं. तरीही अमेरिकेंतील दक्षिणेकडील संस्थानांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानें 1861 सालीं भर सभेंत काळ्या लोकांच्या गुलामगिरीस याच शापाचा आधार दिला. 1865 सालीं गुलामगिरी कायद्यानें गेली, पण ही विचारसरणी गेली नाहीं. चार्लस कॅरोल नांवाच्या लेखकानें 1902 सालीं पुस्तक लिहून, एदेन बागेंत हव्वेस भुलविणारा तो सर्प नव्हेच, तर काळ्या वंशाचा जीव होता, असें प्रतिपादन केलें. ज्यांच्या घामावर कापसाची शेतें पिकलीं, त्यांसच मानवजातीच्या पापाचें मूळ ठरविण्यापर्यंत मजल गेली.

यहुद्यांस युरोपांत हीच गति मिळाली. योहानाच्या शुभवर्तमानांत येशू वादाच्या भरांत आपल्या विरोधकांस सैतानाची संतति म्हणतो. परंतु बोलणारा यहुदी, त्याचे शिष्य यहुदी आणि विरोधकही यहुदी. हें एका घरांतील भांडण होतें. शेंकडों वर्षें तें एका सबंध जातीवरील दोषारोप म्हणून वाचलें गेलें. जर्मनींत यूलिउस श्ट्रायखर याच्या प्रकाशनसंस्थेनें 1936 सालीं मुलांकरितां काढलेल्या चित्रांच्या पुस्तकांत, सैतान हा यहुद्यांचा बाप, असा धडा घातला. ज्या पिढीस हा धडा मिळाला, तिच्या डोळ्यांदेखत सुमारें साठ लाख यहुद्यांची कत्तल झाली. रोमन धर्मपीठानें, येशूच्या वधाचा दोष सरसकट यहुद्यांच्या माथीं मारतां येणार नाहीं, असें जाहीर केलें तें 1965 सालीं.

कोणी म्हणेल, या मागच्या गोष्टी झाल्या. आतां त्या उकरण्यांत काय हंशील? त्यांस आम्ही 2014 सालची हकीकत सांगतों. अमेरिकेंतील फर्ग्युसन गांवीं एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्यानें अठरा वर्षांच्या एका निःशस्त्र काळ्या तरुणास गोळ्या घालून ठार केलें. तो तरुण आपणांस कसा दिसला हें पंचांपुढें सांगतांना त्या अधिकाऱ्यानें दैत्य या अर्थाचा शब्द वापरला. पंचांनीं त्याच्यावर आरोप ठेवला नाहीं. सरकारी न्यायखात्यानेंही 2015 सालीं खटला भरण्याजोगा पुरावा नाहीं असाच निर्णय दिला. तो निर्णय आम्ही बाजूस ठेवितों. परंतु त्याच खात्याच्या दुसऱ्या अहवालांत तेथील पोलीस व न्यायालय काळ्या रहिवाशांस भेदभावानें वागवितात, असेंही नमूद आहे. तीन शतकांपूर्वींचें सेलम आणि आजचें फर्ग्युसन यांत वाटतें तितकें अंतर नाहीं.

जो गांजला जातो त्यासही हें शस्त्र उचलण्याचा मोह होतो. 1930 सालीं डेट्रॉइट येथें निघालेल्या 'नेशन ऑफ इस्लाम' या पंथांत, गोरे लोक हीच सैतानाची जात, अशी शिकवण देण्यांत येऊं लागली. माल्कम एक्स हा तिचा मोठा प्रचारक. तो 1964 सालीं मक्केस गेला. तेथें सर्व वर्णांचे यात्रेकरू एका पंक्तीस बसून जेवतात हें त्यानें पाहिलें, आणि सबंध वंशावर शिक्का मारण्याचें आपलें मत त्यानें उघडपणें सोडून दिलें. पूर्वींचें मत चुकलें असें चारचौघांत म्हणावयास किती धैर्य लागतें, हें आमच्याकडील पुढाऱ्यांस ठाऊक असेलच!

आणि येथेंच कुराणांतील इब्लीसाची कथा आठवते. ईश्वरानें आदमास मातीपासून घडविलें व त्यापुढें नम्र होण्यास सर्वांस सांगितलें. इब्लीसानें तें नाकारलें. कारण काय? तर आपण अग्नीपासून झालों, हा मातीपासून झाला, म्हणून आपण श्रेष्ठ! या एका उत्तरानें तो सैतान झाला. वाचकहो, हें उत्तर नीट न्याहाळून पाहा. त्यांत गुणाचा विचार नाहीं, कृतीचा नाहीं. केवळ जन्म कशापासून झाला याचा गर्व आहे. जन्मावरून श्रेष्ठत्व सांगणारा मनुष्य दुसऱ्यांत सैतान शोधीत असतो, आणि त्याच वेळीं सैतानाचें वाक्य स्वतःच्या तोंडानें बोलत असतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. आमच्या पुराणांत सैतान नाहीं, पण दैत्य व राक्षस आहेत, आणि जिंकलेल्यांस तीं नांवें सहज चिकटतात. ज्योतिराव फुले यांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ, काळ्या लोकांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केला, आणि त्यांत पुराणांतील दैत्य म्हणजे येथील मूळचे रहिवासी, असा अर्थ लाविला. त्यांचा इतिहास कोणास मान्य होवो वा न होवो. आमच्या घरांतील स्त्रिया दिवाळींत ज्याचें राज्य पुन्हां यावें असें म्हणतात, तो बळि दैत्यकुळांतलाच आहे, हें कोणास नाकारतां येईल? इतकी उदार आठवण ज्या समाजाच्या ओठांवर आहे, त्यानें तरी जन्मावरून कोणास अमंगळ ठरवूं नये. पण जातीचा अभिमान इब्लीसाचेंच उत्तर रोज देत असतो. 2017 सालीं दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडा येथें, आफ्रिकेंतून शिकावयास आलेले विद्यार्थी नरभक्षक आहेत, अशी अफवा उठली आणि जमावानें त्यांस मारहाण केली. त्या जमावांतील कोणी कॉटन मॅदरचें नांवही ऐकलें नसेल. तरी काम त्याचेंच झालें.

धर्म टाकून द्या असें आमचें म्हणणें नाहीं. दुष्टता खरी आहे, आणि तिला नांव असणेंही उपयोगाचें आहे. आमचें सांगणें इतकेंच कीं, तें नांव कृत्यास लावावें, कातडीस किंवा कुळास लावूं नये. आपल्या पेठेंत परका अगर काळा मनुष्य बिऱ्हाड शोधीत आला, अगर अमक्या जातीचा म्हणून कोणास दारावरून परत लावण्याचा प्रसंग आला, म्हणजे प्रत्येकानें क्षणभर थांबून स्वतःस विचारावें कीं, या दाराशीं उभ्या असलेल्या दोघांत इब्लीसाचें उत्तर कोणाच्या तोंडीं आहे? या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर मिळालें, तर सैतानाचा रंग कोणता हें शोधण्यास दूर जावें लागणार नाहीं.