सातबाऱ्यावर आईचें नांव

मृग निघाल्यापासून दिवाळीपर्यंत सेनगांवच्या शिवारांत कोणीहि फिरून पाहावें. सोयाबीनची खुरपणी, कापसाची वेचणी, हळदीचीं कामें, सर्वत्र स्त्रियाच वांकलेल्या दिसतील. परंतु त्याच शेताचा सातबारा पाहूं जातां तेथें त्यांचें नांव बहुधा आढळत नाहीं. जिला आपण घरची लक्ष्मी म्हणतों तिच्या नांवें गुंठाभरहि जमीन नसावी, ही विसंगति आम्हांस खटकते.

हा प्रश्न आपल्या प्रांतांत नवा नाहीं. 1986 च्या नोव्हेंबरांत शेतकरी संघटनेनें नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी स्त्रियांचें मोठें अधिवेशन भरविलें. पुढें थोड्याच वर्षांत शरद जोशी यांनीं 'लक्ष्मीमुक्ति'ची हांक दिली. पतीनें आपण होऊन, आपल्या जिवंतपणींच, जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करावा, आणि अशीं शंभर कुटुंबें ज्या गांवांत निघतील त्या गांवाचा गौरव व्हावा, अशी ती कल्पना. जळगांव जिल्ह्यांतील विटनेर गांव यांत अग्रेसर होतें. या चळवळीनें पुरुषास शत्रु मानलें नाहीं, ऋणको मानलें. म्हणूनच ती आम्हांस विशेष मोलाची वाटते. सरकारनेंहि 1992 सालीं परिपत्रक काढून, पतीनें अर्ज केल्यास पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. सोय झाली, अर्ज मात्र कोणी करावा?

कोणी म्हणेल, 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवेस मुलांबरोबर वाटा मिळतोच, मग घाई कां? घाई अशासाठीं कीं, कर्ता पुरुष अकस्मात् गेला म्हणजे फेरफाराची नोंद होईपर्यंत पेरणीचे दिवस थांबत नाहींत, आणि पीककर्ज मागावयास गेलेल्या बाईस पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच होतो. जमीन सासऱ्याच्या नांवें असली तर तिची अडचण विचारूंच नये. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेल्या मराठवाड्यास हें सांगावयास नको. अशा स्त्रियांच्या हक्कांसाठीं महिला किसान अधिकार मंच मराठवाड्यांत व विदर्भांत काम करीत आहे.

दूरच्या आफ्रिकेंतहि हेंच दुःख आहे. केनिया देशांत 1985 सालीं स्त्री-वकिलांनीं 'फिडा' ही संस्था स्थापिली. पतीच्या जमिनीवरून हुसकून लावलेल्या गरीब विधवांस ती कायद्याचें साहाय्य देते. 2010 च्या तेथील राज्यघटनेनें जमिनीच्या बाबतींतील स्त्रीपुरुषभेद कायद्यांतून व रूढींतूनहि काढून टाकण्याचें तत्त्व स्वीकारलें. तरीहि त्या संस्थेचें काम संपलेलें नाहीं. रूढि कागदाला लवकर जुमानीत नाहीं.

आपल्याकडेहि तसेंच. महाराष्ट्रानें 1994 सालीं व देशानें 2005 सालीं हिंदु मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाएवढा हक्क दिला. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेल्या 1925 च्या कायद्यांतहि मुलगा व मुलगी यांचे वांटे सारखेच. पण हक्कसोडपत्रावर सही न केली तर माहेर तुटेल, या भयानें किती बहिणी निमूटपणें सही करितात! साडीचोळी देऊन जमीन सोडवून घेणें याला प्रेम म्हणावयास आम्ही तयार नाहीं. ज्या भावास बहीण हवी आहे त्यानें तिच्यापुढें तो कागद ठेवूंच नये.

विद्यार्थ्यांना आमचें एवढेंच सांगणें कीं, सुटींत घरीं गेल्यावर शेताचा उतारा काढून पाहावा. तलाठ्याकडे खेप घालण्याचीहि आतां गरज नाहीं. महाभूलेखावर तो मोबाईलवरहि दिसतो. भोगवटादारांच्या रकान्यांत आईचें नांव नसेल तर तें कां नाहीं, हें वडिलांना नम्रपणें विचारावें, आणि 1992 च्या परिपत्रकाची गोष्ट त्यांच्या कानीं घालावी.