दाराजवळची पिशवी



मे महिना सरत आला की कोकणातल्या घरांतून एकच घाई सुरू होते. कौले चाळायची, सरपण आत घ्यायचे, मसाला कुटून बरण्या भरायच्या, सुकी मासळी डब्यात घालायची. चिपळूणच्या आमच्या घरात २०२२ पासून या कामांत आणखी एकाची भर पडली आहे. दाराजवळच्या खुंटीवरची पिशवी काढायची, रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. ही पिशवी आम्ही का भरू लागलो, ते आधी सांगतो.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. कुर्बानीचे वाटे पोहोचवून, भांडी आवरून सगळे उशिरा आडवे झालो. २२ च्या पहाटे गल्लीत आरडाओरडा झाला तेव्हा अंगणात घोटाभर पाणी होते. वाशिष्ठीचे पाणी आम्हाला नवे नाही. २६ जुलै २००५ चा पूर घरातल्या मोठ्यांनी पाहिलेला, तेव्हाच्या पाण्याची खूणही भिंतीवर होती. त्या खुणेच्या भरवशावर आम्ही टीव्ही टेबलावर चढवला, गाद्या कपाटावर टाकल्या, शोकेसमधला डिनर सेट काढून माळ्यावर ठेवला. यात अर्धा तास गेला. तोवर पाणी कमरेला लागले आणि मुलांना उचलून जिना गाठावा लागला. नंतर ती खूणही पाण्याखाली गेली.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडेच ठेवले होते. टॉवेल दिले, चहा टाकला. जरा स्थिर झाल्यावर अब्बांनी विचारले, "माझे इंजेक्शन कोणी घेतले?"

कोणीच घेतले नव्हते. भाभीला वाटले अम्मीने घेतले, अम्मीला वाटले भाभीने. इन्सुलिन फ्रिजमध्ये होते आणि फ्रिज पाण्यात. वीज नाही, फोन लागत नाही, रस्त्यावरून होडीशिवाय जाता येत नाही. अब्बांनी दीड दिवस इंजेक्शनाविना काढला. शेवटी दवाखान्यात पोहोचवले तेव्हा साखर इतकी वाढली होती की चार दिवस तिथेच ठेवावे लागले. अल्लाहचे शुक्र, ते बरे होऊन घरी आले. पण डिनर सेट वाचला आणि इन्सुलिन बुडाले, हे आम्ही विसरलेलो नाही.

त्याच दिवशी चिपळूणच्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले होते. काय वाचवायचे हे त्यांना ठाऊक होते. आम्हाला ते ठाऊक नव्हते, कारण त्यावर आम्ही घरात कधी बोललोच नव्हतो.

पूर आमच्याकडे येत नाही, असे म्हणून कोणी पान उलटू नये. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. घर झोपेत असताना विचार करायला वेळ मिळत नाही. तो विचार दिवसाउजेडी करून ठेवायचा असतो.

पिशवी कोणासाठी?

भरायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न 'काय भरायचे' हा घेतला नाही. घरात सगळ्यांत नाजूक कोण, इथून सुरुवात केली. आमच्याकडे अब्बा आणि भाभीचे तान्हे बाळ. तुमच्याकडे दम्याची आजी असेल, दिवस भरत आलेली सून असेल, नाहीतर फिट येणारे मूल असेल. त्यांच्याविना चालत नाही अशा वस्तू आधी भरा. बाकीच्यांचे उरलेल्या जागेत भागते.

औषधे किमान सात दिवसांची घ्या. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत ठेवा, म्हणजे दुसऱ्या गावातही औषध मिळते. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे फ्रिजबाहेर, थंड सावलीत टिकते. तुमच्या प्रकारासाठी डॉक्टरांना विचारून घ्या. जादा चष्मा, ओआरएसची पाकिटे, तापाची गोळी, मलमपट्टी. बाळासाठी दुधाची पावडर, वाटी-चमचा, लंगोट.

कागदपत्रे

पुरानंतर पंचनाम्याला माणसे आली तेव्हा आम्ही ओली कागदपत्रे दोरीवर वाळत घालत होतो. निकाहनाम्याची शाई पसरली होती. भाभीचा पासपोर्ट फुगून पुठ्ठा झाला होता आणि तिची कुवेतला जाण्याची तयारी सहा महिने लांबली.

आता आधार, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, निकाहनामा, जन्मदाखले, मुलांचे शाळेचे दाखले, घरपट्टी आणि सातबारा या सगळ्यांच्या प्रती चेनच्या प्लास्टिक पाकिटात आहेत. पासपोर्ट मात्र मूळच ठेवतो. घरचा माणूस आखातात असेल तर त्याच्या पासपोर्टची व व्हिसाची प्रत, कंपनीचा पत्ता आणि तिथल्या एका मित्राचा नंबरही ठेवा. सगळ्यांचे फोटो काढून परदेशातल्या भावाला पाठवून ठेवलेत. फोन नंबर वहीच्या पानावर बॉलपेनने लिहा. मोबाईल बंद पडला की आपल्याच माणसाचा नंबर आठवत नाही. त्याच पानावर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ असू द्या.

बाकीचे सामान

दोन बाटल्या पाणी आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या. खजूर, चणे, गूळ, बिस्किटे, म्हणजे चूल न पेटवता खाता येईल ते. टॉर्च, सेल, पॉवर बँक, शिट्टी, काडेपेटी. दहा, वीस, पन्नासच्या नोटा, कारण पुरात एटीएम बंद आणि पाचशेची मोड कोणाकडे नसते. प्रत्येकाचा एक जोड कपडे. बायकांसाठी सॅनिटरी पॅड आणि दोन मोठ्या ओढण्या. त्या पहाटे आम्ही बायका अंगावरच्या गाऊनवर बाहेर पडलो आणि दिवसभर परक्या माणसांत संकोचून बसलो. ओढणीला वजन नाही, पण तिचा आधार मोठा.

दागिने या पिशवीत नकोत. पिशवी कधी कोणाच्या हाती सोपवावी लागेल, सांगता येत नाही. सगळे सामान आधी जाड प्लास्टिकमध्ये, मग पाठीवरच्या सॅकमध्ये. भरून झाली की कडेवर मूल घेऊन ती जिन्यावर चढवून पाहा. दम लागला तर सामान कमी करा.

दारामागचा कागद

काही वस्तू आधी भरून ठेवता येत नाहीत. त्यासाठी दारामागे एक कागद चिकटवला आहे. अब्बांचे इन्सुलिन : भाभी. बाळ : अम्मी. पिशवी : थोरली मुलगी. गॅस आणि विजेचा मेन स्विच : घरात असेल तो पुरुष, नसेल तर अम्मी. प्रत्येक कामापुढे एकच नाव. 'कोणीतरी घेईल' म्हटले की कोणीच घेत नाही, हे आम्ही शिकलो आहोत.

पिशवी तळाच्या कप्प्यात ठेवू नका. पाणी पहिल्यांदा तिथेच शिरते. वर्षातून दोनदा ती उघडा, औषधांच्या तारखा पाहा, बाळाचे कपडे बदला. आम्ही आधी ईदच्या आठवड्यात उघडायचे ठरवले होते. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि पाऊस आपल्या वेळेला येतो. म्हणून आता मृगाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकदा.

पुराच्या पाण्यातून चालावे लागले तर पायाची जखम झाका. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टोची तपासणी करा.

पहिल्यांदा पिशवी भरली तेव्हा शेजारच्या खाला हसून म्हणाल्या, "अल्लाहवर भरवसा नाही का?" अम्मी म्हणाली, "भरवसा आहे. पण उंट आधी बांधायला सांगितलाय ना?" खाला एकट्या राहतात, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आमच्या पिशवीत आली आणि दारामागच्या कागदावर एक ओळ वाढली. खालांना जिन्यावर नेणे : धाकटा.

या जुम्याला जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांना अर्धा तास एकत्र बसवा आणि तुमचा कागद लिहा. पिशवी मग आपोआप भरेल. अल्लाह तुम्हा-आम्हाला आपल्या हिफाजतीत ठेवो आणि ती उघडायची वेळ न येवो. आमीन.