रडार कुठं लावायचं, बॉस?

गळीत हंगामात बिद्रीच्या कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली वळताना पाहिलीय? पोटात गोळाच येतो! ओझं जितकं वर, तितका झोल जास्त. शिडाच्या बोटीवर रडार लावतानाही सेम पेच.

डोलकाठीवर ९ मीटर उंच लावलं, तर रडारचं क्षितिज साधारण १२ किलोमीटरवर. मागच्या टोकाला ४ मीटरच्या खांबावर लावलं, तर ८ किलोमीटरवर. म्हणजे उंची दुपटीहून जास्त, पण नजर फक्त दीडपट! वर शिडाचं घासणं आलं, आणि बिघडलं की डोलकाठीवर चढणंही आलं.

बोट कलली की रडारही कलतं. मग एका बाजूला नुसतं पाणी, दुसरीकडे आभाळ. खांबावर झुलता माउंट बसवला, की हाही प्रश्न सुटतो.

नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा एकट्या खलाशाला डुलकी तर घ्यावीच लागते. तेव्हा जहाज जवळ आल्याचा रडारचा अलार्म हाच पहारेकरी. पावसाचे ढग उंच असतात, ते खालच्या रडारलाही लांबून दिसतात.

तेव्हा छोट्या बोटीला आपलं मत मागच्या खांबालाच. पहारेकरी उंच नसला तरी चालेल, हाताशी हवा!