आधी अंघोळ, मग मेकअप!

मंडळी, एक छोटीशी टेस्ट घ्या. रात्री पार्किंगमध्ये जा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि गाडीच्या बॉनेटवर धरा. काय दिसतंय? उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे! गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर बघायलाच नको. गंमत म्हणजे हे ओरखडे काही हायवेवर पडलेले नाहीत. यातले बहुतेक रोज सकाळी पडतात, गाडी ‘स्वच्छ’ होत असताना.

सोसायटीत गाड्या पुसणारे दादा सकाळी सातच्या आत वीसेक गाड्या उरकतात. एक बादली, एक फडकं. पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीपर्यंत त्याच पाण्यात. आणि शहरातली धूळ म्हणजे तरी काय? बारीक वाळू, सिमेंट, दगडाचा चुरा. ती दाबून पुसली, की फडक्याचा पॉलिश पेपर होतो. पण म्हणून दादांवर डाफरू नका. महिन्याला पाचसहाशे रुपयांत रोज लखलखीत गाडी मागणारे आपणच की!

मग दोनतीन वर्षांनी गाडी मळकट दिसायला लागते आणि आपण म्हणतो, ‘चला, रबिंग-पॉलिश करून घेऊ.’ इथे जरा थांबा, बॉस!

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. म्हणजे झेरॉक्सच्या एकदीड कागदाएवढं! त्यातला क्लिअर कोट अंदाजे ४०-५० मायक्रॉनचा. गाडीची चमक म्हणतात ती एवढीच. रबिंगमध्ये ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या पातळीला आणला जातो. हे असं बँक खातं आहे, ज्यातून पैसे फक्त काढता येतात. दर दिवाळीला रबिंग करणाऱ्याचं खातं एक दिवस रिकामं होतं आणि मग टपावर पांढरे पापुद्रे सुटायला लागतात. तिथे कुठलंच पॉलिश चालत नाही, सरळ रंगच द्यावा लागतो.

मी घेतलेली सेकंडहँड गाडी नऊ वर्षांची, लाल आणि पार निस्तेज. कायम झाडाखाली उभी असलेली. एका ठिकाणी रबिंग आणि सिरॅमिक कोटिंग मिळून २८ हजार सांगितले. ‘हो’ म्हणण्याआधी मी त्यांना रंगाची जाडी मोजायला लावली. पत्र्याला टेकवायचं छोटं मीटर असतं, प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. टपावर १०५, बॉनेटवर ११०... आणि मागच्या डाव्या दरवाजावर २७०! म्हणजे तो दरवाजा नंतर रंगवलेला. ‘एक डेंट नाही साहेब’ म्हणणारा विक्रेता आठवला आणि हसूच आलं. जुनी गाडी घेताना हे मीटर आधी लावा, नंतर नको.

कोटिंगचा विचार बाजूला ठेवला आणि एक वीकेंड गाडीला दिला. गाडी सावलीत, बॉनेट थंड. आधी नुसत्या पाण्याने सगळी माती वाहून जाऊ दिली. मग दोन बादल्या : एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. टपापासून खाली यायचं आणि प्रत्येक भाग झाला की फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचं. भांड्यांचा साबण नको, त्याने असलेलं वॅक्सही निघून जातं.

धुऊन झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवा. खरखरीत लागलं? तो रंगात रुतून बसलेला कचरा : झाडाचा चीक, डांबराचे ठिपके, ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण. लोखंडासाठी वेगळा स्प्रे मिळतो. तो मारला की जांभळे ओघळ येतात, अगदी सायन्सच्या प्रॅक्टिकलसारखे! उरलेलं काढायला क्ले बार. मुलं खेळतात त्या क्लेसारखाच दिसतो, पण पृष्ठभाग ओला ठेवून अलगद फिरवायचा. खाली पडला तर सरळ फेकून द्यायचा, नाहीतर त्यात चिकटलेले खडे नवे ओरखडे पाडतील.

माझ्या गाडीचा अर्धा कायापालट इथेच झाला. पॉलिशची बाटली अजून उघडलीही नव्हती!

त्यानंतर दोन बाय दोन फुटांचा एक तुकडा निवडला आणि सगळ्यात सौम्य पॉलिश तिथे आधी करून पाहिलं. काम भागलं, म्हणून त्याहून कडक कंपाऊंडला हातच लावला नाही. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर लगेच थांबा. काही जुन्या गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट नसतोच, पण तुमच्या गाडीवर असेल तर तो संपलाय! शेवटी वॅक्स. ते दोनतीन महिने टिकतं, मग पुन्हा लावायचं.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही. पाणी मोत्यासारखं घरंगळतं, गाडी पटकन धुतली जाते. पण थर अगदी पातळ असतो, किल्लीचा ओरखडा तो अडवत नाही. शिवाय खाली जाळी असेल तर जाळीसकट सील होतं. आणि खरखरीत फडकं पुन्हा फिरलं, की हजारोंचं कोटिंगही काही महिन्यांत जाळीदार!

म्हणून मी दादांशी नवं डील केलं. पैसे तेवढेच, पण रोजचं कोरडं पुसणं बंद. आठवड्यातून दोनदा नीट धुवायची, फडकी आणि बादल्या माझ्या. पहिल्या आठवड्यात त्यांना वाटलं, साहेबांचं काहीतरी बिनसलंय. आता दोन शेजाऱ्यांनीही हेच डील मागितलंय, रोजचं पाणी वाचतंय आणि दादांची सकाळची धावपळही जरा कमी झालीय.

कोरडी धूळ दोन दिवस बसली तर रंगाला फारसं काही होत नाही, ती तशीच पुसली की होतं. पक्ष्यांची विष्ठा मात्र अपवाद. ती ॲसिडिक असते आणि उन्हात काही तासांत डाग कोरते. ओला टिश्यू दोन मिनिटं ठेवा आणि अलगद उचला, घासू नका.

तेव्हा या रविवारी कोटिंगची कोटेशन्स मागवण्याआधी एक खरेदी करा : दुसरी बादली. फार तर दीडदोनशे रुपये!