नोकरीसाठी ‘चहाला भेटू’ म्हणण्याचा खरंच उपयोग होतो का? मीरा-भाईंदरच्या तरुणांनी हे समजून घ्यायला हवं

भाईंदर किंवा मीरा रोडहून रोज लोकल पकडणाऱ्यांना डब्यातले बरेच चेहरे पाठ असतात. कोण अंधेरीला उतरतो, कोण कोणासाठी जागा धरतो, हेही ठाऊक असतं. तो माणूस नेमकं काय काम करतो, हे मात्र माहीत नसतं.

नोकरी शोधणाऱ्यासाठी नेमकी हीच माहिती मोलाची असते.

2011 च्या जनगणनेनुसार मीरा-भाईंदरची लोकसंख्या 8 लाखांहून अधिक होती. शहरात स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, छोटी युनिट्स आहेत, दुकानं आहेत. पण पदवी घेतलेल्या मुलामुलींना ऑफिसातली नोकरी हवी असेल, तर बहुतेकदा अंधेरी, गोरेगाव, बीकेसी किंवा लोअर परळ गाठावं लागतं. म्हणजे घर इथे आणि नोकरीची बातमी तिथे. ती बातमी रोज रात्री लोकलने मीरा रोडला परत येत असते, फक्त ती कोणाकडे आहे हे कळत नाही.

जवळचे मित्र कमी का पडतात?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नोकरी बदललेल्या 282 जणांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. ही ओळख किती जवळची होती, हे विचारल्यावर मात्र चित्र बदललं. बातमी देणाऱ्याला नेहमी भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले. सुमारे 56 टक्के त्याला अधूनमधून भेटत होते आणि 28 टक्के अगदी क्वचित.

कारण सोपं आहे. जवळचे मित्र त्याच कॉलेजचे, त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरचे. त्यांना जे कळतं, ते आपल्यालाही कळलेलं असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते.

2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात याला एक जोड मिळाली: मध्यम स्वरूपाची कच्ची ओळख सर्वांत उपयोगी, अगदीच परकी नाही. थोडक्यात, अनोळखी माणसाला ‘हाय सर, एनी ओपनिंग?’ असा मेसेज पाठवण्यापेक्षा बी विंगमधले काका बरे.

काकांना विचारायचं काय?

‘काही असेल तर बघा ना’ हे वाक्य सगळेच म्हणतात आणि बहुतेकदा विषय तिथेच संपतो. समोरच्याच्या हातात नोकरी नसते, त्यामुळे तो ‘सीव्ही पाठव’ म्हणून सुटका करून घेतो.

त्याऐवजी मेसेज असा जाऊ शकतो: ‘काका, मी सी विंगमध्ये राहतो, यंदा बीकॉम झालो. तुम्ही लॉजिस्टिक्समध्ये आहात असं आईकडून कळलं. या लाइनमध्ये सुरुवात कशी होते, हे समजून घ्यायचं होतं. रविवारी सकाळी वीस मिनिटं भेटता येईल का?’

विषय नोकरीचाच आहे, हे दोघांनाही माहीत असतं. तरीही फरक पडतो, कारण समोरच्यावर ‘नाही’ म्हणण्याची वेळ येत नाही. आणि आपल्या कामाबद्दल बोलायला बहुतेकांना आवडतं.

वार रविवारच बरा. विरार लोकलमधून चेंगरून उतरलेल्या माणसाला रात्री साडेआठला करिअर मार्गदर्शनाची हौस नसते. भेटीआधी कंपनीची वेबसाइट वाचून जावी. फ्रेशर्सना कोणत्या कामावर घेतात, भरती थेट होते की एजन्सीमार्फत, पहिल्या वर्षी पगार साधारण किती मिळतो, सीव्हीत काय कमी दिसतं, हे विचारावं. शेवटी, ‘आणखी कोणाशी बोलू?’ हा प्रश्न विसरू नये. एका भेटीतून दुसरी भेट तिथूनच निघते. चहाचे पैसे बोलावणाऱ्याने द्यावेत.

त्याच दिवशी आभाराचा मेसेज सगळे पाठवतात. पुढे काय झालं, हे दोन-तीन आठवड्यांनी कळवणारे मात्र फार थोडे. नाव लक्षात राहतं ते त्यांचंच.

मग हा वशिलाच नाही का?

प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जॉबर आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसांना कामावर लावायचे. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांच्या 2006 मधल्या दादर परिसरातल्या अभ्यासात याचा पुढचा परिणाम दिसतो. श्रमिक जातींमधले मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, कारण जातीच्या ओळखीतून ठरावीक कामं मिळत होती. मुलींना अशा ओळखींचा आधार नव्हता, म्हणून त्या वेगाने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. म्हणजे वडिलांना काम देणारी ओळख मुलाला त्याच कामात अडकवत होती.

उलट बाजूही आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये दाखवलं की, पात्रता सारखी असूनही दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना खासगी कंपन्यांकडून कमी प्रतिसाद मिळाला. ज्यांचा अर्ज नाव वाचूनच बाजूला पडतो, त्यांना अशा भेटींची गरज जास्त. आणि मोठ्या ऑफिसांमधल्या ओळखी बहुधा त्यांच्याकडेच कमी असतात. एका मुलाला वीस मिनिटं देणाऱ्या काकांमुळे ही दरी बुजणार नाही. पण ती वीस मिनिटं फक्त आपल्याच माणसांना मिळाली, तर ती वाढेल.

ओळखीचा माणूस आहे म्हणून जागा खरीच असेल, असंही नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधल्या कॉल सेंटर्सवर छापे टाकले. तिथून अमेरिकी कर खात्याचे अधिकारी असल्याचं भासवून अमेरिकेतल्या लोकांकडून पैसे उकळले जात होते. सुमारे 700 कर्मचाऱ्यांना ताब्यात घेण्यात आलं, त्यातले बहुतेक तरुण होते.

त्यामुळे चहाच्या टेबलावर आणखी काही प्रश्न विचारायला हवेत: कंपनीचं नोंदणीकृत नाव काय, ग्राहक कोण, पगार बँकेत जमा होतो का, ऑफर लेटर आणि पीएफ मिळतो का. उत्तरं गुळमुळीत आली किंवा ‘आधी डिपॉझिट भरा’ असं कोणी म्हणालं, तर चहा संपवून उठावं.